भोकांचा पुठ्ठा

जेकार्डवरून उतरलेला एक फाटका पुठ्ठा
घरी आणला होता,
टेबलाचा एक पाय डगमगतो म्हणून.
नागमणीनं तो माझ्या हातातून ओढला
आणि पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हात धरला.
भिंतीवर उजेडाचे ठिपके उठले,
काही रांगेत, काही रांग मोडून.
"नान्ना, यातलं मोराचा डोळा कुठलं भोक?"

बावीस वर्षं झाली मला
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत.
मी विणलेले मोर एका वेळी उतरले
तर सिद्धेश्वर तळ्याला काठ उरणार नाही.
धोटा अडकायच्या आधी मला कळतं,
ताण्याचा एक धागा तुटला
तर त्या खडखडाटातही कळतं.
डोळ्याचं मात्र,
"माहीत नाही," म्हणालो.
बायको विड्या वळता वळता थांबली,
कात्री हातात तशीच.
हे वाक्य तिनं माझ्या तोंडून
पहिल्यांदा ऐकलं असावं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
डिझाइनवाल्या चिप्पा मास्तरांपुढे उभा राहिलो.
ते आधी हसले,
मग कडक भाकरीचा तुकडा खाली ठेवून
हात पुसले, चौकटीचा कागद काढला.
"यमूल, एका पुठ्ठ्यात एकच ओळ.
भोक असलं की धागा वर,
नसलं की खाली.
बाकी पुठ्ठ्याला काही ठाऊक नाही.
तुझा डोळा आठ पुठ्ठ्यांत वाटलेला आहे,
आणि आठातल्या एकालाही
आपण डोळा आहोत हे माहीत नाही."
भोंगा झाला तरी ते बोलतच होते.
चाळीस वर्षांत म्हणे
हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्या पाळीत मी एक चादर उलटी करून पाहिली.
पाठीमागेही मोर होता,
लालाच्या जागी पांढरा, पांढऱ्याच्या जागी लाल.
हे मला माहीत होतं.
पाहिलं मात्र त्या दिवशी.

घरी आलो तर नागमणीचा कारखाना सुरू.
छत्रीची काडी, चपलेचा खोका,
विडीच्या कट्ट्यांना बांधायचा दोरा,
आणि भोकं पाडलेल्या तीन लग्नपत्रिका.
चौथा कागद लाइट बिलाचा.
भरायची तारीख उद्याची.
बायको म्हणाली, "विचारा आता तिला काय ते,
तुम्हीच आणलंत ते खूळ घरात."
मी विचारलं, "हे काय आहे?"
"पिट्टा."
शाळेत तिला चिमणी म्हणावं लागतं, घरात पिट्टा.
"पण नान्ना, भोकांना
दोन्हीतलं कुठलं नाव कळतं?"

मारायला उचललेला हात
मी तसाच डोक्यापर्यंत नेला
आणि खाजवलं.
खरंच, कुठलं?

तिला नवं काहीच आणून दिलं नाही.
पैसे कुठायत.
पण आता पाण्याची पाळी चार दिवसांवर गेली
की आम्ही दोघं रात्री नळाला कान लावतो.
पाणी यायच्या आधी नळ आत हवा ओढतो की सोडतो,
यावर आमचं अजून एकमत नाही.
शेंगा कुटताना बायकोही मध्येच म्हणते,
"उखळाचा आवाज बदलला की
चटणी झाली समजायचं.
का बदलतो गं तो?"
आणि दोघी उखळात वाकून बघतात,
नाकाला तिखट लागेपर्यंत.

बिल घेऊन खिडकीपाशी गेलो.
रक्कम तीन ठिकाणी उडालेली,
ग्राहक क्रमांकाला पंख फुटलेले.
मागे बारा-चौदा माणसं, डोक्यावर मे महिना.
कारकुनानं कागद उलटसुलट केला.
"काय आहे हे?"
"चिमणी, साहेब."
मागून कुणीतरी खेकसलं.

त्यानं चष्मा कपाळावर चढवला,
बिल ट्यूबलाइटसमोर धरलं,
एक डोळा मिटला.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग खिडकीला तोंड लावून
हळूच, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं,
"चोच कुठंय तिची?"